माडाच्या बुंध्यावरचे पांढरे मॉस

कोकणात, गोव्यात किंवा केरळात जुन्या माडाच्या बुंध्याशी वाकून पाहिले, तर करड्या सालीवर कधी कधी पांढुरक्या हिरव्या रंगाचे दाट पुंजके दिसतात. एखादा पुंजका बोटभर, तर एखादा तळहाताएवढा. बोटाने दाबला तर किंचित दबतो आणि सोडला की पुन्हा वर येतो. बहुतेक जण त्याला बुरशी समजतात, नाहीतर ‘शेवाळ धरलंय’ म्हणून पुढे जातात. काही जण झाडाला रोग लागला असे मानून कोयत्याने खरवडूनही काढतात. प्रत्यक्षात हे अनेकदा एक मॉस असते. त्याचे शास्त्रीय नाव ऑक्टोब्लेफरम अल्बिडम. आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या तिन्ही खंडांच्या उष्ण पट्ट्यात ते पसरलेले आहे आणि उष्ण कटिबंधातल्या सर्वांत सामान्य मॉसमध्ये त्याची गणना होते.

पक्षी, फुलपाखरे, रानफुले ओळखणारे लोक मराठीत आता पुष्कळ आहेत. मॉसकडे वळणारे मात्र फार थोडे, आणि त्याला कारणही आहे. भारतातील शेवाळवर्गीय वनस्पतींची एक मोठी यादी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १,७०० हून अधिक मॉस नोंदलेली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची ओळख सूक्ष्मदर्शकाशिवाय पटत नाही. ज्याला सुरुवात करायची आहे त्याचा उत्साह पहिल्याच दिवशी मावळावा अशी ही परिस्थिती. अशा वेळी ऑक्टोब्लेफरमसारखे मॉस फार उपयोगी पडते. ते माणसांच्या वस्तीत राहते, बारा महिने दिसते, आणि साधे भिंग व थोडे पाणी एवढ्यावर बऱ्याच खात्रीने ओळखता येते. उष्ण, दमट प्रदेशातल्या माणसाने पहिले मॉस शिकायचे तर हेच शिकावे.

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावे. मॉसची एक काडी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर उंच असते, पण अशा अनेक काड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि पुंजका तयार होतो. रंग फिकट, पांढऱ्याकडे झुकणारा हिरवा. सुकलेल्या पुंजक्याला एक मंद चकाकी असते. जुन्या पानांच्या बुडाशी कधी गुलाबी किंवा जांभळट झाकही दिसते. पाने चारी बाजूंना फाकलेली असल्यामुळे वरून पाहिल्यास प्रत्येक काडी लहानशी चांदणीच वाटते.

मग दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. सोनार आणि घड्याळजी वापरतात तसले छोटे भिंग पुरते. ते डोळ्याला अगदी टेकवावे आणि चेहराच झाडाजवळ न्यावा. भिंग हातात लांब धरून काहीही धड दिसत नाही. आता एकेक पान स्पष्ट होईल. ते साधारण चार ते आठ मिलिमीटर लांब, बुडाशी थोडे रुंद आणि पुढे पट्टीसारखे सरळ असते, आणि टोकाला अगदी बारीक अणकुची असते. बहुतेक मॉसची पाने कागदाहूनही पातळ असतात, त्यांच्यातून उजेड आरपार जातो. याचे पान मात्र जाड, मांसल आणि ठिसूळ. चिमटीत धरून वाकवले तर कट्‌कन मोडते. हा जाडपणा एकदा नजरेत भरला की पुढे ओळख चुकण्याची शक्यता फार कमी होते.

उन्हाळ्यात एक खूण विशेष कामाला येते. पाणी तुटले की बहुसंख्य मॉसची पाने आक्रसतात, पिळवटतात, काडीला चिकटून बसतात. गडग्यावर नाहीतर जुन्या चुन्याच्या भिंतीवर वाढणारे हायोफिला इन्व्हॉल्युटा घ्या. पावसाळ्यात ते हिरवेगार पसरलेले असते, आणि कोरड्या दिवसांत त्याच्या पानांच्या कडा आत गुंडाळल्या जाऊन सगळा थर काळपट दिसू लागतो. ऑक्टोब्लेफरमचे पान सुकल्यावरही आपला आकार फारसा बदलत नाही. ते तसेच फाकलेले राहते, फक्त अधिक पांढरे होते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, बाकीची मॉस ओळखण्यापलीकडे गेलेली असताना, याचा शोध उलट सोपा जातो.

आता पाण्याची चाचणी. कपड्यांना इस्त्री करताना वापरतात तसली फवारणीची बाटली घेऊन सुकलेल्या पुंजक्याच्या अर्ध्याच भागावर पाणी मारावे आणि थोडा वेळ थांबावे. भिजलेली बाजू हिरवी होत जाते, कोरडी बाजू पांढरीच राहते, आणि दोन्हींमधला फरक शेजारी शेजारी दिसतो. फोटो काढायचा असेल तर या अवस्थेत काढावा, कारण एकाच चित्रात दोन्ही रंग मिळतात.

हा रंगबदल का होतो ते समजून घेण्यासारखे आहे. या मॉसचे पान आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर हिरव्या पेशींचा एकच थर पानाच्या मधोमध दिसतो. त्याच्या वर आणि खाली मोठ्या, रंगहीन, पोकळ पेशींचे अनेक थर असतात. या पोकळ पेशी मेलेल्या असतात आणि त्यांच्या भिंतींना छिद्रे असतात. पाऊस पडला की त्या पाण्याने भरतात, आणि मधला जिवंत थर काही काळ ओला राहतो. पाणी उडून गेले की त्यांच्या जागी हवा शिरते. साबणाचा फेस ज्या कारणाने पांढरा दिसतो त्याच कारणाने मग पानही पांढरे दिसते. आतल्या हवेवरून उजेड सगळीकडे विखुरला जातो आणि मधला हिरवा थर झाकला जातो. मॉसला मुळे नसतात. बुडाशी असलेले तंतू सालीला धरून ठेवण्यापुरते असतात. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार पानांच्या पृष्ठभागावरूनच आत घेतले जातात. अशा वनस्पतीला माडाच्या उघड्या खोडावर, वारा आणि ऊन अंगावर घेत जगायचे, तर साठवणीची सोय पानातच असायला हवी.

नशीब चांगले असेल तर पुंजक्यातून वर आलेल्या बारीक दांड्याही दिसतील. दांडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास आणि तिच्या टोकावर एक-दीड मिलिमीटरची उभट कुपी. हिच्यात बीजाणू तयार होतात. कुपीला चोचीसारखे टोक असलेले झाकण असते. ते गळून पडले की तोंडाभोवती बारीक दातांचे कडे उघडे होते. बहुतेक मॉसमध्ये या कड्यात सोळा दात असतात, ऑक्टोब्लेफरममध्ये आठच. भिंगाखाली ते मोजायला चांगला उजेड आणि स्थिर हात लागतो, पण जमले तर ओळखीवर शिक्कामोर्तब होते. या मॉसच्या एकाच रोपावर नर आणि मादी असे दोन्ही अवयव, वेगवेगळ्या ठिकाणी, येतात. त्यामुळे कुप्या सापडण्याची शक्यता पुष्कळ इतर मॉसपेक्षा जास्त.

या दातांकडे सर्वप्रथम बारकाईने पाहणाऱ्यांत योहान हेडविग हे नाव अग्रभागी आहे. १७३० साली ट्रान्सिल्व्हानियात जन्मलेला हा माणूस व्यवसायाने डॉक्टर होता आणि लाइपझिगमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. मॉसवरचा त्याचा मोठा लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८०१ मध्ये, प्रसिद्ध झाला. मॉसच्या शास्त्रीय नावांची गणना आज याच ग्रंथापासून सुरू होते, आणि ऑक्टोब्लेफरम अल्बिडम हे नावही त्याच ग्रंथातले.

आता ते शोधायचे कुठे? उत्तर थोडक्यात सांगायचे तर सखल, दमट, उबदार जागी, आणि आधी ताड-माडाच्या कुळात. केरळच्या नारळी बागांत ते विपुल आहे. श्रीलंका, मलेशिया, सिंगापूर इथे ते बागांत आणि रस्त्याकडेच्या झाडांवर राहते. नायजेरियात तेलताडाच्या खोडांवर ते इतके सर्रास असते की ए. एगुन्योमी यांनी १९७० च्या दशकात त्याच्या वाढीचा आणि प्रजननाचा स्वतंत्र अभ्यास केला. ब्राझीलच्या ईशान्य भागातील सखल जंगलात कातिया पोर्तो आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याच्या पुनरुत्पादनाचे वेळापत्रक तपासले. पनामात काम करणाऱ्या नोरिस सालाझार आयेन यांनी ऑक्टोब्लेफरम या प्रजातीची पाने आणि वर्गीकरण यांवर दीर्घकाळ संशोधन केले. अमेरिकेतील फ्लोरिडातही ते ताडवर्गीय झाडांच्या बुंध्यांवर आढळते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना त्यासाठी गावी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

माडच का, याचे उत्तर सालीत आहे. पेरू, अर्जुन, निलगिरी यांची साल वरचेवर सुटते, आणि तिच्यावर रुजलेले सगळे काही तिच्याबरोबर खाली पडते. माडाचे खोड तसे पापुद्रे टाकत नाही. एकदा जागा मिळाली की ती वर्षानुवर्षे टिकते. गळून पडलेल्या झावळ्यांचे वण आडव्या कड्यांसारखे खोडावर राहतात आणि त्यांत धूळ, पाणी, कुजका पालापाचोळा साठतो. बुंध्याशी खोड फुगलेले, भेगाळलेले असते, तिथे बारीक मुळ्या डोकावतात. नारळ पाडायला चढण्यासाठी पाडलेल्या खाचाही मॉसला तितक्याच सोयीच्या. म्हणून पाहणीचा क्रम असा ठेवावा: आधी बुंधा, मग खाचा, मग वणांच्या कडा. खोडाची जी बाजू सावलीत असते, किंवा पावसाचे पाणी ज्या बाजूने ओघळते, ती आधी पाहावी. एकसारख्या उंचीच्या नव्या लागवडीत वेळ घालवण्यापेक्षा वाडीतला सर्वांत जुना माड गाठावा. काही माड थोडे कलते असतात, आणि पाणी अडणाऱ्या बाजूवर वाढ अधिक दाट असण्याची शक्यता असते.

माड नसेल तर पोफळ, ताड, आंब्याचा जुना बुंधा, कुजत पडलेला ओंडका. क्वचित ते खडकावरही असते. गोव्यातील कुळागरे या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. माड, पोफळी, मिरवेल, केळी यांची दाट सावली, पाटाचे वाहते पाणी आणि वर्षभर टिकणारा दमटपणा तिथे एकत्र मिळतो. सिंधुदुर्गातल्या जुन्या वाड्यांचेही तेच. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर गेल्यावर या मॉसची आशा कमी करावी. घाटमाथ्याच्या कोरड्या बाजूला, पुणे-नाशिक पट्ट्यात, शहरातल्या झाडांवर ते शोधण्यात शक्ती खर्च करू नये. तिथे भिंतीवरचे हायोफिलाच अभ्यासाला अधिक हाताशी आहे. खंडाळा आणि महाबळेश्वर इथल्या मॉसवर जी. टी. दाभाडे यांचे १९९८ मधील पुस्तक आहे. घाटावरच्या वाचकांनी ते एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अवश्य मिळवावे.

एकाच खोडावर चार-पाच निरनिराळ्या गोष्टी शेजारी शेजारी राहतात. गोंधळ होतो तो इथे.

सगळ्यांत जास्त फसवतात ती दगडफुलांच्या जातकुळीतली पांढरी वर्तुळे. गोड्या मसाल्यात पडते ते दगडफूल पानासारखे सुटे असते, पण त्याचे अनेक भाईबंद सालीला रंग फासल्यासारखे चिकटून असतात आणि माडाचे अख्खे खोड त्यामुळे पांढरे-करडे दिसते. नखाने हलकेच चाचपून पाहावे. पाने नाहीत, काड्या नाहीत, नुसता सपाट थर आहे, तर ते मॉस नाही. पावसाळ्यात त्याच खोडावर नारिंगी-तांबूस मखमल चढते, तेही मॉस नव्हे. ते त्रेंतेपोलिया नावाचे शैवाल. २००१ साली केरळात लाल रंगाचा पाऊस पडला आणि देशभर चर्चा झाली. त्या पाण्यात याच वर्गातल्या शैवालाचे बीजाणू असल्याचा निष्कर्ष तपासणीत निघाला होता. सालीला घट्ट चिकटून पसरणाऱ्या तांबूस-तपकिरी, नाजूक दोऱ्या दिसल्या तर त्या फ्रुलानियासारख्या यकृतकांच्या (लिव्हरवर्टच्या) असू शकतात. त्या सपाट असतात, पुंजका करून उभ्या राहत नाहीत.

खऱ्या मॉसमधले शेजारी अधिक अवघड. कॅलिम्पेरीस हे माडावरच राहते, पण ते हिरवे असते, आणि त्याच्या काही पानांच्या टोकांवर बारीक कणांचे झुपके दिसतात. हे कण म्हणजे त्याच्या नव्या रोपांची बीजेच. ल्यूकोब्रायम हेही पांढरट, जाड पानांचे. मात्र ते प्रामुख्याने डोंगरातल्या जंगलात, जमिनीवर, कुजक्या पाल्यावर किंवा झाडाच्या बुडाशी गोलसर उशी करून राहते, आणि त्याची पाने पट्टीसारखी न राहता टोकाकडे निमुळती होत जातात. ल्यूकोफॅनिसची पाने आणखी अरुंद, आणि त्यांच्या मधोमध एक बारीक शीर धावते. ऑक्टोब्लेफरमच्या पानात अशी वेगळी उठून दिसणारी शीर नसते, कारण जवळजवळ सगळे पान शिरेचेच बनलेले असते.

ज्यांना महाविद्यालयाची प्रयोगशाळा उपलब्ध आहे त्यांनी एक पाऊल पुढे जावे. एक पान भिजवून घ्यावे, बटाट्याच्या बारीक फोडीला चीर देऊन तिच्यात ते उभे धरावे आणि दाढीच्या नव्या पात्याने बटाट्यासह पातळ काप काढावेत. सुरुवातीचे काप जाड येतात. पाण्याच्या थेंबात त्यांतले सर्वांत पातळ निवडून पाहावेत. मधल्या थरातील हिरव्या पेशी त्रिकोणी दिसल्या तर ते ऑक्टोब्लेफरम, चौकोनी दिसल्या तर ल्यूकोब्रायमकडे वळावे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हा एक तास एखाद्या धड्यापेक्षा अधिक काही शिकवून जातो.

बागायतदारांचा प्रश्न वेगळा असतो: झाडाला यामुळे अपाय होतो का? होत नाही. मॉस झाडातून काहीही शोषत नाही. ते पावसावर, धुळीवर आणि उजेडावर जगते. त्याचे तंतू सालीच्या जिवंत भागात शिरत नाहीत. माड पिवळा पडत असेल, सुळका कुजत असेल, नारळ गळत असतील, तर कारण मुळाशी, कीटकात किंवा बुरशीजन्य रोगात शोधावे. मॉस खरवडण्यात मजुरी वाया जाते, आणि खरवडताना सालीला जखमा झाल्या तर नुकसानच. सोंड्या भुंग्यासारख्या किडी अशा जखमांच्या वासावर येतात.

उलट दिशेने मात्र माणसाच्या कामाचा परिणाम मॉसवर होतो. पोफळीवरच्या कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातले तांबे मॉसला सोसत नाही. पिकासाठी फवारणी आवश्यकच असते, ती थांबवावी असे कोणी म्हणणार नाही. पण मॉसची पाहणी करणाऱ्याने बागेत फवारणी केव्हा झाली हे मालकाला विचारून घ्यावे, म्हणजे ‘या बागेत मॉस नाही’ अशी नोंद करताना कारणही लिहिता येईल. चुना फासलेल्या बुंध्यांबद्दलही हेच.

नमुना घेण्याची खरी गरज थोड्या वेळा असते. बहुतेक वेळा तीन फोटो पुरतात: एक लांबून, ज्यात झाड आणि परिसर दिसेल, एक पुंजक्याचा, शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवून, आणि एक अगदी जवळून, पाने दिसतील असा. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर तेच दहापट भिंग धरले तरी तिसरा फोटो बरा येतो. नमुना घ्यायचाच असेल तर अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा घ्यावा आणि मोठ्या पुंजक्यातूनच घ्यावा. तो कागदाच्या पुडीत बांधावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि दोन दिवसांत बुरशी येते. पुडी सावलीत, वाऱ्यावर सुकवली की झाले. मॉसचे नमुने दाबावे लागत नाहीत, औषध लावावे लागत नाही, आणि कित्येक वर्षांनी पाण्याचा थेंब टाकला तरी पाने पुन्हा उलगडून तपासता येतात.

पुडीवर पेन्सिलीने लिहावे, कारण पेनाची शाई ओलीने पसरते. गाव, तालुका, तारीख, झाडाचे नाव, जमिनीपासूनची उंची, खोडाची दिशा, उन्हाची तीव्रता, आणि शेजारी आणखी काय वाढले आहे ते. ‘माडावर’ एवढेच लिहिले तर त्या नोंदीचा पुढे फारसा उपयोग होत नाही. ‘माड, अंदाजे पन्नास वर्षांचा, बुंध्यापासून ४० सेंटिमीटर, उत्तर बाजू, चढण्याच्या खाचेत’ असे लिहिले तर दुसऱ्या कोणालाही तीच जागा पुन्हा सापडते. फोटोंसह ही माहिती आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर ठेवता येते, तिथे मॉसचे जाणकार ओळख तपासून देतात.

राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात नखाएवढा तुकडाही परवानगीशिवाय उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथली वनस्पती काढण्यास मनाई आहे. खाजगी वाडीत मालकाला विचारावे. आणि कुंडीत लावण्यासाठी, काचेच्या बरणीतली बाग सजवण्यासाठी किंवा मनीप्लांटच्या काठीला गुंडाळण्यासाठी हे मॉस झाडावरून उतरवू नये. अशा काठ्यांसाठी बाजारात मिळणारे मॉस वेगळे असते, ते स्फॅग्नम. ऑक्टोब्लेफरमला वाढवण्याची इच्छा असेल तर त्याच्या मोडक्या पानांचा स्वभाव लक्षात घ्यावा. पान ठिसूळ असल्याने वाऱ्याने, पावसाच्या माऱ्याने, मुंग्यांच्या येण्याजाण्याने तुटून खाली पडते, आणि अशा पानापासूनच नवे रोप रुजू शकते. बुंध्याशी गळून पडलेली चार पाने उचलून शेजारच्या माडाच्या ओलसर खाचेत पावसाळ्याच्या सुरुवातीला ठेवावीत, जागेची नोंद करावी, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत दर महिन्याला त्याच अंतरावरून एक फोटो काढावा.